राहुलाने मागितलेला वारसा

रविवारी सकाळी विहारात लहान मुले रांगेने बसतात, हात जोडतात आणि त्रिसरण-पंचशील म्हणतात. पाच-सहा वर्षांचे मूल पालीतल्या एखाद्या शब्दाशी अडखळते, मागे बसलेली आई ओठ हलवून त्याला पुढचा शब्द सुचवते, आणि शेवटी सगळे मिळून साधुकार देतात. हे दृश्य तुमच्या परिचयाचे आहे. ते आनंदाचे आहे यात शंका नाही. पण त्या आनंदात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण सहसा स्वतःला विचारत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांनी जुना धर्म सोडण्याचा निर्णय स्वतः घेतला होता. त्याची किंमतही त्यांनी गावोगावी मोजली. परंतु त्यांच्या कडेवरच्या लेकरांना कोणी विचारले नव्हते, आणि त्या लेकरांच्या लेकरांना तर विचारण्याचा प्रसंगच आला नाही. ती जन्मानेच बौद्ध झाली. माणसाची योग्यता जन्मावरून ठरवू नये असे ज्या धम्माने सांगितले, तो धम्म आपण आपल्या मुलाला केवळ जन्माने कसा द्यायचा?

हा प्रश्न आपल्यापुढे आज उभा असला तरी तो नवा नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कपिलवस्तूत तो एका सात वर्षांच्या मुलाच्या रूपाने खुद्द भगवान बुद्धांपुढे येऊन उभा राहिला होता. त्या मुलाचे नाव राहुल. आपण त्याला ओळखतो ते बहुधा भिंतीवरच्या चित्रातून. यशोधरा निजलेली आहे, तिच्या कुशीत तान्हे बाळ आहे आणि दारात सिद्धार्थ थबकून उभा आहे. त्या बाळाचे पुढे काय झाले, ते कोणाच्या हाताखाली वाढले, बापाने त्याला काय शिकवले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते जाणून घेण्यासारखे आहे.

राहुलाच्या जन्माविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. पाली अट्ठकथा म्हणते की सिद्धार्थाने घर सोडले त्याच सुमारास राहुल जन्मला. पुत्रजन्माची वार्ता कानी पडताच सिद्धार्थाच्या तोंडून बंधन निर्माण झाल्याचे उद्गार निघाले आणि आजोबा शुद्धोदनांनी त्याच शब्दावरून नातवाचे नाव ठेवले, असेही ती सांगते. उत्तरेकडील काही परंपरा त्याचा जन्म सहा वर्षे पुढे, बोधिप्राप्तीच्या रात्री झाला असे मानतात. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून घर सोडल्याची कथा नाकारली आहे, हे तुम्ही वाचले असेलच. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला परिव्रज्या घ्यावी लागली, आणि तो यशोधरेला सांगून, तिची संमती घेऊन गेला, असे बाबासाहेब मांडतात. मला ही मांडणी अधिक पटते. पण राहुलापुरते बोलायचे तर दोन्ही कथांचा शेवट एकच होतो. बाप कोण हे कळण्याच्या आधीच बाप घरातून गेला.

पुढची सात वर्षे आजोबा, आई आणि आजी महाप्रजापती गौतमी यांच्या छायेत गेली. आजोबांचा जीव या नातवात अडकला होता, हे पुढच्या घटनेवरून दिसते. ती घटना विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तिथे ती फार थोड्या शब्दांत सांगितली आहे आणि त्यामुळेच ती अधिक लागते.

बोधिप्राप्तीनंतर भगवान राजगृहाहून चालत कपिलवस्तूला आले आणि गावाबाहेरच्या निग्रोधारामात उतरले. एके सकाळी चीवर पांघरून, भिक्षापात्र घेऊन ते शुद्धोदनांच्या घरी आले आणि मांडलेल्या आसनावर बसले. तेव्हा आईने राहुलाला सांगितले की हे तुझे वडील आहेत, जा, त्यांच्याकडे आपला वारसा माग. मूल पुढे गेले. महावग्ग सांगतो की त्याने आधी वारसा मागितलाच नाही. भगवंतांसमोर उभे राहून तो म्हणाला की, श्रमणा, तुझी सावली सुखाची आहे. वाचकहो, या वाक्यापाशी थोडे थांबा. सात वर्षे ज्याने बाप पाहिला नाही, त्या मुलाच्या तोंडून पहिल्या भेटीत निघालेले हे वाक्य आहे. भगवान उठून चालू लागले. मूल मागोमाग चालत राहिले आणि मला वारसा दे, वारसा दे, असे म्हणत राहिले. त्याला कोणी परत फिरवले नाही.

विहारात आल्यावर भगवंतांनी सारिपुत्ताला सांगितले की राहुलाला प्रव्रज्या दे. संघात एवढ्या लहान मुलाला घेण्याची रीत तेव्हा ठरलेली नव्हती. म्हणून सारिपुत्ताने विचारले की ती कशी देऊ. केस उतरवून, काषाय वस्त्र नेसवून, एका खांद्यावर उत्तरासंग घेऊन, भिक्खूंच्या पायांना वंदन करून, उकिडवे बसवून, हात जोडवून तीनदा त्रिसरण म्हणवून घ्यावे, असे भगवंतांनी सांगितले. आज आपल्याकडे उन्हाळ्यात जी श्रामणेर शिबिरे भरतात, त्यांतला विधी तो हाच. त्या शिबिरातल्या प्रत्येक मुलाच्या आधी राहुल त्या जागी बसलेला आहे.

येथवरची गोष्ट पुष्कळ जण सांगतात. पुढची सांगताना मात्र आवाज खाली येतो. वास्तविक खरी गोष्ट पुढेच आहे.

शुद्धोदनांना बातमी कळली तेव्हा ते निग्रोधारामात आले, वंदन करून एका बाजूला बसले आणि एक वर मागतो म्हणाले. भगवंतांनी उत्तर दिले की तथागत वर देण्याघेण्याच्या पलीकडे गेलेले असतात. शुद्धोदन म्हणाले, मी जे मागतो ते योग्य आहे, निर्दोष आहे. मग बोलण्याची अनुज्ञा मिळाली. त्या वृद्धाने सांगितले की तुम्ही गृहत्याग केलात तेव्हा मला थोडे दुःख झाले नाही. नंद गेला तेव्हाही तसेच झाले. आता राहुल गेला तेव्हा दुःखाला सीमा उरली नाही. पुत्रप्रेम कातडी कापते, कातडी कापून मांस कापते, मांसानंतर स्नायू, स्नायूंनंतर हाड, आणि हाड फोडून मज्जेपर्यंत पोचते. म्हणून आईबापांनी अनुज्ञा दिल्याशिवाय भिक्खूंनी कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, एवढेच मागणे आहे.

ध्यानात घ्या, शुद्धोदनांनी राहुलाला परत मागितले नाही. आपल्या घरचे जे व्हायचे ते होऊन गेले, दुसऱ्या घरी असे होऊ नये, एवढेच त्यांनी मागितले. आणि ज्याला त्या काळचे राजे-महाराजे वंदन करत होते, त्या शास्त्याने काय केले? आपण जे केले ते कसे योग्य होते याचे एक वाक्यही त्यांनी उच्चारले नाही. मोहमायेवर प्रवचन दिले नाही. शुद्धोदनांना धम्मकथा सांगून निरोप दिल्यावर त्यांनी भिक्खूंना बोलावले आणि नियम केला की मातापित्यांच्या अनुज्ञेशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही, जो देईल त्याला दोष लागेल. पालीत हा शब्द मातापितु असा आहे. त्यात माता आधी येते.

एखाद्या धर्मसंस्थापकाने एका दुखावलेल्या आजोबाचे ऐकून आपल्या संघाचा नियम बदलावा, आणि त्या नियमाचे कारणही ग्रंथात जसेच्या तसे लिहून ठेवले जावे, याचे मोल आपण ओळखले पाहिजे. धर्मग्रंथ बहुधा संस्थापकाच्या घरचे अश्रू पुसून टाकतात. विनयपिटकाने ते ठेवले आहेत. काही जण म्हणतील की बुद्धांनी राहुलाला घेतलेच कशाला. हा प्रश्न विचारण्याला धम्मात मनाई नाही. मला वाटते, त्या दिवशी मागे लागलेल्या मुलाला देण्यासारखे दुसरे काही भगवंतांच्या हाती नव्हते, आणि तरीही ज्यांच्या हातून ते मूल गेले त्यांना विचारायला हवे होते, हेही तितकेच खरे होते. नियम झाला तो या दुसऱ्या गोष्टीची कबुली होता. राहुलाच्या आईचे मन मात्र त्या प्रसंगात कोणी नोंदवलेले नाही. तिनेच मुलाला पुढे केले होते. वारसा माग म्हणताना तिला काय अपेक्षित होते आणि मूल मुंडन करून बसले तेव्हा तिला काय वाटले, यावर महावग्ग गप्प आहे. पुढे तीही भिक्खुणी झाली, असे अट्ठकथा सांगते.

आईबापांनी हो म्हटले की प्रश्न मिटला, असे मात्र कोणी समजू नये. त्याच महावग्गात राजगृहाच्या सतरा मुलांची गोष्ट आहे. त्यांत उपालि नावाचा मुलगा होता. (नापितपुत्र उपालि स्थविर निराळे.) त्याचे आईबाप विचार करू लागले की आपल्यामागे या पोराने सुखाने जगावे तर त्याला काय शिकवावे. लेखन शिकवले तर बोटे दुखतील. हिशेब शिकवला तर छाती दुखेल. नाण्यांची पारख शिकवली तर डोळे दुखतील. त्यापेक्षा हे शाक्यपुत्र श्रमण बरे, चांगले जेवतात, वारा न लागणाऱ्या जागी निजतात. पोराने हे ऐकले आणि सोबत्यांना सांगितले. सगळ्यांनी आपापल्या घरी विचारले, सगळ्यांच्या घरून होकार आला आणि भिक्खूंनी त्यांना उपसंपदा देऊन टाकली. पहाट व्हायच्या आत ती मुले उठली आणि पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. भिक्खू सांगत होते, उजाडू द्या, काही असले तर मिळेल, नाहीतर भिक्षेला जाल तेव्हा खाल. मुले रडत राहिली, अंथरुणे ओली झाली. भगवंतांनी तो आवाज ऐकला, आनंदाला विचारले, आणि वीस वर्षांच्या आतल्या कोणालाही उपसंपदा द्यायची नाही असा नियम केला. थंडी, ऊन, भूक, तहान, टोचून बोलणे हे सोसण्याची शक्ती त्या वयाआधी नसते, हे कारण सांगितले. या गोष्टीत आईबापांची अनुज्ञा होती. नव्हती ती फक्त मुलाच्या वयाची आणि पोटाची जाणीव.

श्रामणेर होण्यासाठीही पुढे पंधरा वर्षांची अट आली. तीही नंतर सैल झाली. आनंदाच्या ओळखीचे एक कुटुंब रोगाच्या साथीत मेले, दोन लहान पोरे उरली. ती पूर्वीच्या सवयीने भिक्खू दिसले की धावत जात. भिक्खू त्यांना हाकलत आणि ती रडत. आनंदाने हे सांगितल्यावर भगवंतांनी विचारले की ही मुले कावळे हाकू शकतात का. शकतात, म्हटल्यावर कावळे हाकण्याएवढ्या मुलाला घ्यावे, अशी परवानगी मिळाली. शेतावर पाखरे राखणारे पोर ज्याने पाहिले आहे, त्याला हे वयाचे माप लगेच समजेल. अनाथाला दारातून परत पाठवण्यासाठी नियम केलेला नव्हता.

आता राहुलाकडे वळू. बाप संघाचा शास्ता होता, पण मुलाचे शिक्षण त्याने स्वतःच्या हाती ठेवले नाही. उपाध्याय म्हणून राहुल सारिपुत्ताच्या स्वाधीन झाला. त्याची रोजची काळजी, त्याला रागे भरणे, त्याला चुकीचे दाखवणे हे सारे सारिपुत्ताकडे. भगवान अधूनमधून भेटत आणि शिकवत. त्यांतला सगळ्यांत जुना समजला जाणारा उपदेश मज्झिमनिकायात आहे. अट्ठकथेप्रमाणे तेव्हा राहुल सात वर्षांचाच होता.

राजगृहाजवळ अंबलट्ठिका नावाच्या ठिकाणी राहुल राहत असे. संध्याकाळी भगवान तिकडे आले. मुलाने आसन मांडले, पाय धुण्याला पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून ते मुलाला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच असते, असे सांगितले. मग ते पाणी फेकून दिले आणि म्हणाले, त्याचे श्रमणपण असे फेकलेले असते. भांडे पालथे केले आणि म्हणाले, ते असे पालथे झालेले असते. पुन्हा सुलटे करून रिकामे भांडे दाखवले आणि म्हणाले, ते असे रिकामे असते. नंतर लढाईतल्या हत्तीचा दाखला दिला. हत्ती पायांनी लढतो, डोक्याने लढतो, शेपटीनेही लढतो, पण सोंड राखून ठेवतो तोवर त्याने जिवाची पर्वा सोडलेली नसते. सोंडही पुढे केली की मग तो काहीही करील. खोटे बोलण्याची लाज गेली की माणसाचे तसेच होते. म्हणून थट्टेतही खोटे बोलायचे नाही.

वाचकहो, हे मुलाला शिकवणे पाहा. घरात मोरीजवळ असते तसे एक भांडे, त्यात पायाचे पाणी. त्या मुलाला स्वर्ग सांगितला नाही, नरकाची भीती घातली नाही, कोणाला नवस बोलायला लावला नाही, आणि माझ्यावर श्रद्धा ठेव असेही म्हटले नाही. सगळा धडा चौथ्या शिलाचा आहे. आणि तो डोळ्यांनी दिसेल असा आहे.

यानंतर भगवंतांनी राहुलालाच विचारले की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे मुलाने सांगितले. तसेच पाहून पाहून कर्म करावे, असे उत्तर मिळाले. कायेने, वाचेने किंवा मनाने काही करण्याआधी पाहायचे की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होईल का. होत असेल तर करायचे नाही. करत असताना पुन्हा पाहायचे, पीडा होते आहे असे दिसले तर तिथेच थांबायचे. करून झाल्यावरही पाहायचे. चुकले असेल तर ते शास्त्याला किंवा जाणत्या सोबत्याला उघड सांगायचे आणि पुढे आवरायचे. चुकले नसेल तर त्या आनंदात शिकत राहायचे. सात वर्षांच्या मुलाच्या हाती आपल्या कर्माची तपासणी देऊन टाकली. ज्याच्या हाती अशी तपासणी आहे, तो उद्या गुरूचे बोलणेही त्याच आरशात पाहील, हे बापाला कळत नसेल काय? कळत असूनही आरसा दिला.

हा उपदेश फार जुना आहे, याला दगडाचा पुरावा आहे. राजस्थानातील बैराट येथे १८४० मध्ये सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो भाब्रू शिलालेख म्हणून ओळखला जातो आणि कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत ठेवलेला आहे. त्यात अशोकाने मगधाच्या संघाला वंदन करून सात धम्मपर्यायांची नावे सांगितली आहेत. भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत, त्यांवर विचार करावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे. त्यांतला सातवा म्हणजे खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश. ज्या सम्राटाने कलिंगात लाखाच्या घरात माणसे मारली गेल्याचे स्वतःच्या लेखात कबूल केले, त्याला आपल्या प्रजेने ऐकावे असे वाटले ते एका लहान मुलाला पाण्याच्या भांड्यावरून शिकवलेले बोल. या सात पर्यायांचा त्रिपिटकात शोध घेण्याचे काम आपल्या धर्मानंद कोसंबींनीही केले होते. त्यांचा त्यावरील लेख १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे तेच कोसंबी, जे १८९९ मध्ये गोव्याच्या घरी पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून बुद्धाच्या शोधात निघाले होते.

मुलाच्या हाती आरसा दिला की तो कधीतरी बापावरही रोखला जातो. याचे एक उदाहरण आपल्या घरातले आहे. सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, घरात भजन होई, आणि ते आपल्या मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. धाकट्या भिवाने एकदा त्यांना विचारले की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचे मोठेपण आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगितला आहे, ते आम्ही का वाचायचे. वडिलांनी उत्तर दिले की आपण अस्पृश्य म्हणून मनाने खचून जातो. द्रोण आणि कर्ण हे लहान अवस्थेतून किती वर चढले ते पाहावे, वाल्मीकी तर कोळी होता, यासाठी वाचायचे. मुलाला त्यात काही तथ्य वाटले पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच मला आवडत नाही, असे त्याने कारणांसह सांगितले. वडील गप्प राहिले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत हे नमूद केले आहे. रामजींनी पोराला मारले नाही, धर्म बुडवलास म्हटले नाही. आपल्या श्रद्धेत मुले वाढवणारा तो बाप होता आणि मुलाच्या प्रश्नापुढे गप्प राहण्याइतका नम्रही होता. पुढे १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते ज्या मनात पडले, ते मन रामजींच्या घरात घडलेले होते.

राहुल मोठा होत गेला तसा त्याचा स्वभाव ग्रंथांतून दिसू लागतो. तो शास्त्याचा मुलगा आहे, हे त्याच्या वागण्यावरून कोणाला कळले नसते. अट्ठकथेत म्हटले आहे की तो रोज सकाळी उठून मूठभर वाळू हवेत उधळी आणि म्हणे की आज मला या कणांइतके उपदेश मिळोत. विनयातली एक गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. उपसंपदा न झालेल्यांबरोबर भिक्खूंनी एका छपराखाली निजू नये, असा एक नियम झाला होता. त्यानंतर कोसंबीच्या बदरिकारामात राहुल निजायला आला तेव्हा भिक्खूंनी त्याला सांगितले की नियम झाला आहे, तू आपली जागा बघ. त्या पोराने वाद घातला नाही, बापाचे नाव सांगितले नाही. कुठेच जागा मिळाली नाही तेव्हा तो शौचकुटीत जाऊन निजला. पहाटे भगवान तिकडे गेले, दाराशी खोकले. आतून राहुलही खोकला. कोण आहे, विचारले. मी राहुल, असे उत्तर आले. इथे का, असे विचारल्यावर त्याने कारण सांगितले. भगवंतांनी भिक्खूंना एकत्र केले आणि नियम बदलला. दोन-तीन रात्रींपर्यंत असे एकत्र निजण्याला मोकळीक दिली. शुद्धोदनांच्या वेळी आजोबा बोलले म्हणून नियम झाला. या वेळी नातू काहीच बोलला नाही, तरी नियम बदलला. आपल्या संस्थांच्या घटना ज्यांना शब्दशः पाठ असतात आणि दारात उभे असलेले मूल ज्यांना दिसत नाही, त्यांनी ही गोष्ट सावकाश वाचावी.

तारुण्यात पाऊल टाकताना राहुलाला अभिमानाने शिवले नाही असे नाही. सावत्थीला एकदा भिक्षेच्या वाटेवर तो भगवंतांच्या मागून चालला होता. अट्ठकथा सांगते की तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि पुढे चाललेल्या बापाचे रूप व आपले रूप पाहून त्याच्या मनात सुखावल्याचे विचार आले. भगवंतांनी वळून सांगितले की कोणतेही रूप हे माझे, हा मी, असे धरू नये. राहुल भिक्षेला गेलाच नाही. मागे फिरून एका झाडाखाली बसला. त्या दिवशी त्याला जो उपदेश मिळाला, त्यात पृथ्वीसारखे मन करण्याची शिकवण आहे. पृथ्वीवर लोक स्वच्छ टाकतात, घाण टाकतात, थुंकतात, पण पृथ्वी त्याने शिसारी धरत नाही. पाणी, अग्नी आणि वारा यांचेही तसेच. अस्पृश्यतेच्या नावाने ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या थुंकले गेले, त्यांना हा दाखला सोसत राहण्याचा उपदेश वाटू शकेल. तो तसा नाही. तो राजवंशात जन्मलेल्या, रूपवान, बुद्धपुत्र म्हणून मान मिळणाऱ्या तरुणाला केलेला आहे. नम्रता कोणाला शिकवायची, याचे तारतम्य त्यात आहे.

सुत्तनिपातात राहुलाच्या नावाचे एक सुत्त आहे. त्यात भगवान त्याला विचारतात की सततच्या सहवासामुळे तू त्या ज्ञानी पुरुषाची अवहेलना तर करत नाहीस ना. अट्ठकथा म्हणते की हा निर्देश सारिपुत्ताकडे आहे. घरच्या माणसाची, रोज दिसणाऱ्या गुरूची किंमत कमी होते, हे जाणून विचारलेला हा प्रश्न आहे. राहुलाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याच्याविषयीच्या साऱ्या कथा त्याला साक्ष देतात. शिकण्याची आवड असणाऱ्या शिष्यांत पहिला, असा मान त्याला संघात मिळाला. ज्ञानात सारिपुत्त पहिला, ऋद्धीत मोग्गल्लान पहिला, आणि शास्त्याचा मुलगा शिकाऊपणात पहिला.

पुढे एके दिवशी राहुलाची समज पिकली आहे असे पाहून भगवान त्याला घेऊन सावत्थीजवळच्या अंधवनात गेले. तिथे त्यांनी डोळा, रूप आणि त्यांच्या संयोगाने होणारी संवेदना येथून सुरुवात करून एकेक गोष्ट त्याच्यापुढे ठेवली आणि विचारत गेले की हे नित्य की अनित्य, दुःख की सुख, याला माझे म्हणणे योग्य का. उत्तरे राहुल देत गेला. त्या बोलण्याच्या शेवटी त्याचे चित्त सर्व बंधनांतून मुक्त झाले, असे मज्झिमनिकाय सांगतो. ज्याचे नाव बंधनावरून ठेवले असे म्हणतात, त्याची ही गोष्ट. सात वर्षांच्या वयात मुंडन झाले तेव्हा त्याला धम्म मिळालेला नव्हता. त्या दिवशी मिळाले ते फक्त शिकण्याचे ठिकाण. धम्म त्याने अंधवनात, मोठेपणी, प्रश्नांची उत्तरे स्वतः देत मिळवला.

आईने माग म्हणून सांगितलेल्या वारशाचा शब्द पालीत दायज्ज असा आहे. हाच शब्द सिगालोवाद सुत्तात येतो. आईबापांनी मुलांसाठी काय करावे, ते तिथे गृहस्थ सिगालाला सांगितले आहे. पापापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, शिल्प म्हणजे पोट भरण्याची विद्या शिकवावी, योग्य जोडीदाराशी लग्न लावावे आणि वेळ येताच दायज्ज हवाली करावे. पाचच गोष्टी आहेत. त्यांत मुलाकडून अमुक मान्य करून घ्यावे असे कलम नाही. आपल्या वस्तीतल्या ज्या बापाला मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध हा शब्द लिहून घेण्यासाठी खेटे घालावे लागले असतील, त्याचे कष्ट मी कमी लेखत नाही. तो शब्द लिहिणे हा स्वाभिमानाचा भाग होता आणि आहे. पण तो दाखला झाला. सिगालाला सांगितलेली पाच कामे त्यानंतरही शिल्लक राहतात.

राहुल स्थविरांच्या अखेरीविषयी अट्ठकथेत थोडेच आहे. सारिपुत्ताच्या आणि भगवंतांच्या आधी त्यांचे परिनिर्वाण झाले, असे ती सांगते. म्हणजे मुलगा बापाच्या आणि गुरूच्या आधी गेला. थेरगाथेत त्यांच्या नावाने काही गाथा आहेत. त्यांत ते सांगतात की लोक मला भाग्यवान राहुल म्हणतात ते दोन कारणांनी, मी बुद्धांचा पुत्र आहे म्हणून, आणि मला धम्म पाहण्याचा डोळा लाभला म्हणून.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी यात्रेकरू फाहियान मथुरेच्या परिसरात आला, तेव्हा त्याने तिथल्या विहारांतले रिवाज लिहून ठेवले. भिक्खुणी आनंदाच्या स्तूपाला पूजा अर्पण करत, कारण स्त्रियांना संघात घ्यावे म्हणून आनंदाने भगवंतांना विनवले होते. श्रामणेर मुले मात्र राहुलाला वंदन करत.